बूटपॉलिश लावलेला मावळा

डोंबिवली पूर्व,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. सोन्यास,


तुझी वही दोनदा वाचून झाली. एकदा ठाण्याहून परत येताना गाडीत आणि एकदा घरी, हातात पेन्सिल घेऊन. "मावशी, इतिहास तुझा विषय, चुका काढ," असं म्हणून तू ती माझ्या पिशवीत टाकलीस, म्हणून हे पत्र. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं.

आधी आवडलं ते सांगते. तुझ्या कल्पनेतल्या आफ्रिकी साम्राज्याचा नकाशा फार जीव लावून काढला आहेस. दिवाळीनंतर तुम्ही सात-आठ जण खेळायला जमणार, एक जण सम्राट, एक सेनापती, एक पुरोहित, आणि दोन दिवस त्या भूमिकांत राहून बोलणार, ही कल्पनाच मला सुरेख वाटली. दुसऱ्याच्या अंगात शिरून त्याच्या अडचणी आपल्या करणं हे इतिहासाच्या तासाला मला जन्मभर मुलांकडून हवं होतं. म्हणूनच जे खटकलं ते आडपडदा न ठेवता लिहिते.

तू तिसरीत होतास तेव्हाची दिवाळी आठव. सोसायटीच्या जिन्याखाली सगळ्यांचे किल्ले उभे राहत होते, कुणाचा रायगड, कुणाचा प्रतापगड. तू हटून बसलास की मला जंजिराच करायचा, कारण त्याच मे महिन्यात आपण मुरूडला जाऊन आलो होतो. मग कपडे भिजवायच्या टबात विटा रचल्या, वर गोणपाट, त्यावर माती, कडेने अळीव पेरले आणि टबात पाणी सोडलं. मावळे हातगाडीवर मिळाले. सिद्दी काही मिळेना. सगळा बाजार पालथा घातला, पण जंजिऱ्यावर उभा करायला सिद्दीचा पुतळा कुणाकडेच नव्हता. तेव्हा तू एक मावळा उचललास आणि काडीला कापूस गुंडाळून त्याच्या तोंडाला काळं बूटपॉलिश लावलंस. डबी मीच काढून दिली होती. पगडी तीच, तलवार तीच, कपाळावरचं गंधसुद्धा काळ्याखालून लाल दिसत होतं. आपण त्याला बुरुजावर ठेवला आणि सिद्दी झाला असं म्हणालो.

तुझ्या वहीतला सम्राट वाचताना मला तोच पुतळा दिसत राहिला. दरबार आपल्या मालिकांमधला. तोच राजगुरू, तीच सावत्र राणी, गादीवर हक्क सांगणारा तोच थोरला मुलगा. वरून सिंहाचं कातडं पांघरलं, हस्तिदंत ठेवले, ढोल वाजवले. जागा भरायला मग इजिप्तचे पिरॅमिड आले, दक्षिणेकडच्या झुलूंच्या ढाली आल्या, पश्चिमेकडचे मुखवटे आले. उद्या कुणी "आशियाई साम्राज्य" म्हणून सामुराईच्या चिलखतातला वारकरी चीनच्या भिंतीवर आषाढी करताना दाखवला, तर तुला कसं वाटेल? आफ्रिकेत आज चोपन्न देश आहेत. तुला साम्राज्य कल्पनेतलं करायचं आहे ना, जरूर कर. पण एक जागा धर. तिथे पाऊस कधी पडतो, धान्य कुठलं पिकतं, मीठ कुठून येतं, हे ठरलं की निम्मा दरबार आपोआप ठरतो.

राजाचं म्हणशील, तर तुझा सम्राट वाटेल ते करू शकतो. असा राजा खेळणाऱ्यालाही लवकर कंटाळा आणील. खऱ्या राजांची गंमत त्यांना काय करता येत नाही यात असते. आताच्या नायजेरियात योरुबांचं ओयो नावाचं मोठं राज्य होतं. तिथल्या राजाला आलाफिन म्हणत. राजा फार माजला, तर सरदारांच्या मंडळाचा प्रमुख त्याच्याकडे रिकामं भोपळ्याचं पात्र पाठवायचा. त्याचा अर्थ एकच, आता तू जीव द्यायचास. घानातल्या अशांती लोकांचं सोन्याचं आसन आहे, पण त्यावर राजाही बसत नाही. त्यात साऱ्या लोकांचा प्राण आहे अशी श्रद्धा आहे. भरताने गादीवर पादुका ठेवून राज्य केलं ती गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला हे समजायला अवघड नाही. 1900 साली इंग्रज गव्हर्नरने ते आसन स्वतःला बसायला मागितलं, तेव्हा 'या असांतेवा' नावाच्या राजमातेने युद्ध पुकारलं. तुझ्या वहीतलं सोन्याचं सिंहासन नुसतं चमकतं. त्यासाठी कुणी मरायला तयार होईल का, ते लिही.

याच अशांतींमध्ये वंश आईकडून मोजतात. नवा राजा कोण, हे राजमाता सुचवते. म्हणजे वारस शोधायचा तो राजाच्या बहिणीच्या पोटी. तुझ्या थोरल्या युवराजाचं सगळं कारस्थान तिथे एका फटक्यात कोसळेल, आणि कुठलातरी शांत भाचा पुढे येईल. आईच्या बहिणीला तिथे आईच म्हणतात. "माय मरो पण मावशी उरो" असं म्हणणाऱ्या घरातल्या मुलाला हे नातं रंगवायला जमेल, अशी माझी खात्री आहे.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या मुरूडच्या जंजिऱ्यावर आफ्रिकी वंशाच्या सिद्दींनी तीनशे वर्षांहून जास्त काळ राज्य केलं, ते 1948 साली विलीन झालं. ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात त्यांच्या जुन्या काळाबद्दल एक नोंद आहे: प्रमुख वारला की त्याच्या मुलाला गादी मिळत नसे, आरमारातला पहिला अधिकारी प्रमुख होत असे. समुद्रात, चारी बाजूंनी शत्रू असलेल्या खडकावर राहणाऱ्यांना बापाच्या पुण्याईवर बसलेला नेता परवडणार नव्हता. पुढे ते नवाब झाले, घराणं झालं. 1922 नंतर नवाब लहान होता, तेव्हा त्याची आई कुलसुम बेगम कारभार पाहत होती. राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जाताना दरवाजा अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नाही, म्हणून तू घाबरला होतास, आठवतं? आत शिरल्यावर पंजांत हत्ती पकडलेल्या वाघासारख्या त्या दगडी प्राण्यावर तू हात फिरवलास. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचा तलाव. अशा जागेतून कुठल्या श्रद्धा, कुठल्या शपथा, कुठली भीती निघेल, याचा विचार कर. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला, संभाजी महाराजांनी खाडीत भराव घालून पाहिला. महाराजांसारख्यांना ज्यांनी इतकं झुंजवलं, त्यांना आपण बूटपॉलिशमध्ये उरकलं.

श्रद्धांच्या पानांवर तू मुखवटे आणि नरबळी यांपलीकडे गेला नाहीस. उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दींची गावं आहेत. त्यांच्यातल्या पुष्कळांची बोली कोकणी-मराठीच्या इतकी जवळची आहे की आपल्याला सहज समजेल. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती, पण पूर्वजांना ते 'हिरियारू' म्हणून मानतात आणि 'डमाम' हा ढोल वाजला की सगळे एका वर्तुळात येतात. 2003 साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. देव बदलले, भाषा बदलली, तरी म्हाताऱ्यांचं स्मरण सुटलं नाही. धर्म असा असतो, राहत्या घरात, नारळापाशी, मेलेल्या आजीच्या नावाने. तुझ्या पुरोहिताच्या तोंडी मोठमोठे मंत्र घालण्याआधी त्याच्या घरी कुणाच्या नावाने पान वाढतात ते ठरव.

आता आपल्या भागातलं सांगते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे, 'पेरिप्लस' नावाने. त्यात आपलं कल्याण आहे, कल्लिएना म्हणून. आणि त्यातच आज एरिट्रियात असलेलं अदुलिस बंदर आहे, आत अक्सुमचं राज्य आहे, त्याच्या राजाचं नाव झोस्कालेस दिलं आहे. त्या राजाचं वर्णन काय, तर पैशाच्या बाबतीत चिकट, पण ग्रीक विद्येत तयार. एका ओळीत माणूस उभा राहिला, बघ. आणि अदुलिसला उतरणाऱ्या मालात आपल्या बाजूच्या किनाऱ्यावरून गेलेलं लोखंड, पोलाद आणि सुती कापड होतं. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी उभं राहून खाडीकडे बघितलं की मला हे नेहमी आठवतं. आफ्रिका आपल्याला परकी वाटते, कारण आपण आता समुद्राकडे पाठ करून गाडीची वेळ बघत राहतो. एके काळी ती पलीकडच्या काठावरची शेजारीण होती.

शेवटी मलिक अंबर. तुझ्या वहीत एक ओळ आहे: "राज्याला गुलाम पुरवणारी बंदरं." ओळ लिहून तू पुढे गेलास. 1548 च्या सुमाराला इथिओपियात एक मुलगा जन्मला, चापू नावाचा. तो विकला गेला, पुन्हा विकला गेला, बगदादच्या मालकाने त्याचं नाव अंबर ठेवलं, आणि दख्खनमध्ये त्याला निजामशाहीच्या पेशव्याने, चंगेजखानाने विकत घेतलं. तो पेशवाही एके काळचा हबशी गुलामच. 1600 साली अहमदनगर मोगलांकडे गेलं, तेव्हा या अंबरने निजामशाहीचा वारस पुढे करून बुडालेलं राज्य पुन्हा उभं केलं आणि 1626 साली मरेपर्यंत सांभाळलं. स्वतः तख्तावर कधी बसला नाही. त्याने खडकी नावाचं गाव वसवलं, जमिनीखालून नहर खणून गावाला पाणी दिलं, जमिनीची प्रत पाहून सारा बांधला. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याच्या काही वर्षं आधी तिकडे जहांगीर बादशहाने चित्र काढून घेतलं होतं: भाल्यावर अंबरचं तोडलेलं मुंडकं आणि त्यावर बाण मारणारा जहांगीर. अंबर तेव्हा जिवंत होता, त्यानंतर जवळपास दहा वर्षं जगला. तेही एका अर्थी कल्पनेतलं जगच. हरवता येत नाही त्या माणसाला बादशहाने रंगात मारला.

मला नेहमी वाटतं, इतकं सगळं मिळवलेल्या त्या माणसाला चापू अशी हाक मारणारं इथे कुणीच उरलं नव्हतं. तो बाजार तुला खेळात ठेवायचा असेल, तर एखाद्या तरी मुलाला त्याचं घरचं नाव दे, आणि ते नाव आठवणारा कुणीतरी त्या वहीत असू दे. गरज पडली तर एक भूमिका वाढव. मित्र तक्रार करणार नाहीत.

वही परत पाठवत नाही, दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा. समासात पेन्सिलीने लिहिलं आहे, पटणार नाही ते खोडून टाक. माळ्यावरचा खोकाही खाली काढून ठेवते. तो मावळा अजून त्यात आहे. खोबरेल तेलाने पॉलिश निघतं म्हणतात, दोघं बसून काढू. मग शाडूची माती आणते. सिद्दी आपण हाताने, पहिल्यापासून करू.

तोवर एक काम कर. पहिल्या पानावर सम्राटाच्या साडेतीन ओळींच्या पदव्या आहेत. त्यांच्याखाली जागा आहे. लहानपणी त्याची आई त्याला काय म्हणून हाक मारायची, ते ठरवून ये.

तुझी,
मावशी

ता. क. – आईला सांग, चकलीची भाजणी दळून आणली आहे. येताना मोठा डबा घेऊन ये.