चूक माझी होती

भाची सतरा वर्षांची. रोज पहाटे नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर धावायची. एके दिवशी तिने विश्वासाने मला सांगितले, "मामा, मला एक मैत्रीण आवडते. लग्न करावे असा मुलगा नको." मी घाबरलो आणि ताईला सांगून टाकले. घरात रडारड झाली. दाजींनी मैदान बंद केले. भाची माझ्याशी बोलेनाशी झाली.

ओडिशाची धावपटू द्युती चंद ही विणकराची मुलगी. आपले एका मुलीवर प्रेम आहे, हे तिने २०१९ साली जाहीर केले. विरोध घरातूनच झाला. तरी २०२१ साली तिने शंभर मीटर ११.१७ सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. सज्ञान व्यक्तींचे असे प्रेम गुन्हा नाही, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच दिला होता. त्यात बाबासाहेबांनी सांगितलेल्या संवैधानिक नैतिकतेचा आधार होता. हे सारे मी ताई-दाजींना समजावले. मैदान पुन्हा सुरू झाले.

पण भाचीचा विश्वास मीच मोडला होता. सर्वांसमोर तिची माफी मागितली. ती गप्प राहिली. मग रोज पहाटे मी तिच्याबरोबर मैदानावर जाऊ लागलो. महिनाभराने तिने घड्याळ माझ्या हाती दिले. म्हणाली, "मामा, टायमिंग घ्या."

पालकहो, लेकरांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट जपा.