लोप आणि नाश

व्याकरणाच्या वर्गांत 'लोप' ही संज्ञा शिकवितांना आम्ही विद्यार्थ्यांच्या मनावर एक गोष्ट नेहमीं ठसवीत असूं. पाणिनीनें लोपाची व्याख्या 'नाश' अशी केलेली नाहीं. 'न दिसणें' एवढीच केली आहे. प्रत्यय लुप्त झाला तरी त्याचें कार्य चालूं राहतें, असेंहि त्यानें पुढें सांगून ठेविलें आहे. हा भेद केवळ रूपसिद्धीपुरता नसून संसारांतहि उपयोगी पडतो, याचा अनुभव आम्हांस गेल्या पावसाळ्यांत एका यंत्राच्या निमित्तानें आला. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं तसलें यंत्र असेल, म्हणून तो येथें थोडक्यांत सांगतों.

एकत्र कुटुंबांत आतां जितकीं माणसें तितके संगणक व फोन. छायाचित्रें, दाखले, हिशेब व पत्रव्यवहार हें सारें त्यांत विखुरलेलें असतें. तें सर्व एका ठिकाणीं रहावें म्हणून नेटवर्कला जोडावयाची साठवणपेटी निघाली आहे. तिला आद्याक्षरांवरून 'नॅस' म्हणतात. आमच्या माजघरांतील फडताळावर अशी एक पेटी आहे. तींत चार हार्डडिस्क असून त्या चोहोंचें मिळून जें एक भांडार बनतें त्यास 'व्हॉल्यूम' ही संज्ञा आहे. ग्रंथाच्या भागासहि इंग्रजींत हाच शब्द असल्यामुळें आम्ही त्यास 'खंड' म्हणतों.

या मांडणींतील युक्ति मोठी मनोहर आहे. तिला 'रेड' हें नांव कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं १९८८ सालच्या आपल्या निबंधांत दिलें. समजा, तीन डिस्कांवर ७, ५ व ९ हे आंकडे लिहिले आणि चौथीवर त्यांची बेरीज २१ लिहून ठेविली. आतां ५ ची डिस्क निकामी झाली तरी २१ मधून ७ व ९ वजा करून ती संख्या परत मिळते. प्रत्यक्षांत यंत्र बेरजेऐवजीं समविषमाचा हिशेब ठेवतें आणि तो चारहि डिस्कांवर वांटून टाकतें; पण तत्त्व हेंच. मात्र दोन डिस्क एकदम गेल्या, तर एका समीकरणांत दोन अज्ञातें येतात, व तें सुटत नाहीं.

आषाढांतील एका रात्रीं वीज दोन-तीनदां जाऊन आली. सकाळीं पाहतों तों घरांतील कोणत्याहि संगणकावर खंड दिसेना. आमच्या दिवंगत मातोश्रींनीं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या जुन्या कॅसेटींवरून उतरवून त्याच पंधरवड्यांत पेटींत ठेविल्या होत्या. त्यांची दुसरी प्रत अद्याप निघावयाची होती, आणि मूळ कॅसेटींना बुरशी लागल्यामुळें त्या पुन्हां वाजतील अशी आशा नव्हती. "मामंजी, ओव्या गेल्या का हो?" असें सूनबाईंनीं विचारलें, तेव्हां तिचा स्वर कापत होता.

पेटीचें नियंत्रणाचें पान संगणकावर उघडत होतें. अर्थात् राउटर व त्याची तार निर्दोष होती. त्या पानावर तिसरी व चौथी डिस्क बेपत्ता असून 'खंड संपर्कांत नाहीं' अशा अर्थाचा मजकूर होता, आणि त्याच्याच खालीं नवा खंड तयार करण्याचें बटण होतें. आमचे धाकटे बंधु उतावळे. त्यांचा हात त्या बटणाकडे वळला, तो आम्हीं धरिला. पुसलेल्या पाटीवर नवीन अक्षरें लिहिलीं कीं जुनीं अक्षरें कोणा पंडितासहि वाचतां येत नाहींत. काय नाहींसें झालें व कशामुळें, हें कळेपर्यंत त्या डिस्कांवर एक अक्षरहि लिहूं द्यावयाचें नाहीं, एवढा निर्धार करून आम्हीं पुण्यास पुतण्याला फोन केला. "काका, पेटी रीतीनें बंद करा, आणि डिस्कांवर अनुक्रमांक चिकटविल्याखेरीज एकहि बाहेर काढूं नका," असें त्यानें बजावलें.

तो आल्यावर शोधाची जी पद्धत आम्हीं पाहिली ती न्यायशास्त्रांतील अन्वयव्यतिरेकाहून निराळी नव्हती. दोन डिस्क एकाच क्षणीं स्वतंत्रपणें मराव्या, हें संभवनीय कमी. तेव्हां त्या दोहोंस समान असें काय, तें आधीं पहावें. त्यानें चारहि डिस्क एकेक करून दुसऱ्या संगणकास लाविल्या; चारहि वाचतां आल्या, आणि त्यांच्या प्रकृतीच्या नोंदींतहि बिघाड दिसला नाहीं. म्हणजे दोष डिस्कांत नव्हता. राहिला पेटीला वीज पुरविणारा अ‍ॅडाप्टर. डिस्क फिरत असतांना जेवढी वीज घेते त्याहून कितीतरी अधिक ती फिरूं लागतांना घेते. अ‍ॅडाप्टर जुना होऊन दुबळा झालेला. वीज परत येतांच चारहि चाकें एकदम फिरूं लागलीं, तेव्हां तो भार त्यास पेलला नाहीं. तितक्याच शक्तीचा नवा अ‍ॅडाप्टर लावतांच चारहि डिस्क दिसूं लागल्या.

तरीहि खंड जुळेना. प्रत्येक डिस्कवर घडामोडींचा एक क्रमांक असतो. पहिल्या दोहोंचा क्रमांक किंचित् पुढें गेला होता, म्हणून यंत्र मागील दोहोंस पंक्तींत घेण्यास तयार नव्हतें. येथें पुतण्यानें घाई केली नाहीं. आधीं चारहि डिस्कांच्या हुबेहूब प्रती दुसऱ्या डिस्कांवर काढिल्या. त्यास दोन दिवस लागले. मग त्या प्रतींवरच खंड जुळवून तो केवळ वाचण्यापुरता उघडला. तिसऱ्या दिवशीं तिन्हीसांजेस मातोश्रींचा आवाज माजघरांत ऐकूं आला, आणि घरांतील सर्व मंडळी कामें टाकून तेथें जमली.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. चार डिस्क आहेत म्हणजे चार प्रती आहेत, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. वैदिकांनीं पद, क्रम, जटा, घन असे पाठ योजून एकेक शब्द उलटसुलट गुंफून ठेविला, त्यामुळें अक्षराची चूक तत्काळ पकडतां येते. तथापि पतंजलीनें ऋग्वेदाच्या एकवीस शाखा सांगितल्या असतां आज मुख्यतः शाकल शाखाच पठणांत उरली आहे. घनपाठ चुकीपासून राखतो, पण पठण करणारीं घराणींच संपलीं तर त्याचा उपाय चालत नाहीं. उलट महाभारताच्या पोथ्या शारदा, बंगाली, मल्याळम् इत्यादि लिपींत दूरदूरच्या प्रांतीं विखुरल्या होत्या, म्हणूनच भांडारकर संस्थेस १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून चिकित्सक आवृत्ति सिद्ध करतां आली. एकाच पेटींतील चार डिस्क आग, चोरी व पूर यांपुढें एकच होत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांतील नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, तेव्हां त्यानें माळ्यावरची पेटी व खालची पेटी असा विचार केला नव्हता.

म्हणून जाणत्यांचा नियम असा आहे कीं, मोलाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं एक घराबाहेर असावी. त्यास आम्ही आमच्यातर्फे दोन गोष्टी जोडतों. दुसरी प्रत वर्षांतून एकदां तरी उघडून पहावी. न उघडलेली प्रत आहे कीं नाहीं हें कोणासच ठाऊक नसतें. आणि पेटीची किल्ली व परवलीचा शब्द घरांतील एकट्याच मनुष्याच्या स्मरणांत न ठेवितां वडीलधाऱ्या मंडळींच्या वहींत लिहून ठेवावा. आमच्या ओव्यांची एक प्रत आतां नाशिकास लेकीकडे आहे. तिचीं मुलें त्या रात्रीं ऐकतात, आणि पणजीचे शब्द त्यांच्या तोंडीं बसूं लागले आहेत. ही प्रत मात्र कोणत्याहि विजेवर अवलंबून नाहीं.