चाकावरचे घर मित्राच्या दारी

आम्ही दोघे २०२३ साली नोकरीतून निवृत्त झालो. एकाने न्यू जर्सीत टपाल वाटण्यात, तर दुसरीने इस्पितळाच्या धुलाई विभागात उमेदीची वर्षे घालवली. निवृत्तीनंतर साठवलेल्या पैशांतून आम्ही एक जुनी आरव्ही घेतली. आरव्ही म्हणजे चाकावरचे घर. पुढे चालकाची जागा आणि मागे पलंग, शेगडी, फ्रीज, मोरी, संडास असे सगळे एकाच गाडीत. वरळीच्या बीडीडी चाळीत आमची खोली १६० चौरस फुटांची होती आणि तिच्यात आठ माणसे राहत. ही गाडी त्या खोलीपेक्षा थोडीशीच मोठी, पण राहणारे दोघेच. चाळीत वाढलेल्या माणसाला असल्या घरात अडचण वाटत नाही. उलट संडासासाठी रांग लावावी लागत नाही, याचेच कौतुक वाटते.

हा बेत खरे तर आम्हा दोघांचा नव्हता, चौघांचा होता. चाळीत आमच्या समोरच्या खोलीत राहणारा आमचा मित्र आयटीआयमध्ये टर्नरचे काम शिकला आणि आमच्या आधी अमेरिकेला आला. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात तो एका कारखान्यात लागला. मशीन टूलच्या धंद्यासाठी हे शहर एकेकाळी जगभर नावाजलेले होते. मित्र, वहिनी आणि आम्ही दोघे एकदा एकत्र जमलो असता ठरले की, निवृत्त झालो की चौघांनी मिळून असली गाडी घ्यायची आणि या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत हा देश पाहायचा. पुढे कित्येक वर्षे दर रविवारी फोनवर जयभीम झाला की या बेताची उजळणी होई.

गाडी घेतल्यावर आम्ही आनंदाने फोन केला. मित्र म्हणाला, "तुम्ही जा. माझे गुडघे दुखतात." आम्हाला राग आला. वाटले, आता याचे मन बदलले. पुढचे काही रविवार बोलणेही तुटक झाले.

मग एका बुधवारी दुपारी वहिनींचा फोन आला. आवाज दबका होता. "भाऊ, हे घरी नाहीत म्हणून बोलते. यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. दीड वर्ष झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिसला जातात. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय."

आम्ही दोघे बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिलो. दीड वर्षात निदान सत्तर रविवार आम्ही त्याच्याशी बोललो होतो. मुलांच्या नोकऱ्या, नातवंडांच्या परीक्षा, मुंबईच्या बातम्या, सगळे बोललो. पण "तुझी तब्येत कशी आहे?" असे विचारून उत्तरासाठी थांबलो मात्र नव्हतो.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही निघालो. दुसरीकडे कुठे न जाता थेट सिनसिनाटीचा रस्ता धरला. सुमारे साडेसहाशे मैलांचे अंतर आम्ही तीन दिवसांत कापले. ओहायो नदीकाठचे हे शहर टेकड्यांवर वसले आहे. त्या चढांवर आमची गाडी म्हातारीसारखी धापा टाकत होती. मित्राच्या घरापुढच्या जागेत ती उभी केली आणि त्याच्या गॅरेजमधून वायर ओढून वीज घेतली.

मित्र दारात उभा होता. अंगावरचा शर्ट दोन माप मोठा वाटत होता. जयभीम केला, मिठी मारली आणि पहिले वाक्य वहिनींना उद्देशून बोलला, "सांगितलंस ना शेवटी?" गाडीकडे त्याने एकदाच पाहिले. आत मात्र आला नाही.

सोमवारी त्याला डायलिसिसला आम्हीच घेऊन गेलो. हाताच्या शिरांवर शस्त्रक्रिया करून सुयांसाठी जागा केलेली असते. त्याने आमचा हात तिथे ठेवला. आत यंत्र चालल्यासारखी थरथर लागत होती. "लेथ चालू आहे," तो म्हणाला आणि हसला. चार तास रक्त बाहेर काढून, गाळून, परत शरीरात सोडतात. घरी आला की तो झोपतो आणि दुसऱ्या दिवशी जरा माणसात येतो. खर्चाचे मात्र निभावले. १९७२ च्या कायद्यापासून इथे किडनी निकामी झालेल्या बहुतेक रुग्णांना वयाची अट न लावता सरकारी विमा मिळतो.

जेवणाचेही कडक पथ्य होते. मीठ कमी, केळी आणि टोमॅटो बंद, बटाटा खायचाच तर चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकायचे. प्यायचे पाणीसुद्धा मोजून. वहिनी दीड वर्ष हे एकट्या सांभाळत होत्या आणि शिवाय रात्रपाळीला जात होत्या. त्या आठवड्यात स्वयंपाक आम्ही गाडीत केला. पहिल्या दिवशी वहिनी दुपारी झोपल्या त्या दिवेलागणीलाच उठल्या. उठल्यावर आधी घाबरल्या आणि मग रडल्या.

मंगळवारी मित्र मोकळेपणाने बोलला. "रक्तदाबाच्या गोळ्या बरं वाटलं की मी बंद करायचो. कुणी विचारलं तर घेतो म्हणायचो. मग एक दिवस पाय सुजले. तुम्हाला काय सांगणार होतो? चौघांचा बेत माझ्या हातानं मोडला, हे सांगायचं?"

यावर आम्हाला उत्तर सुचले नाही.

गुरुवारी सुटीचा दिवस होता. आमच्या गाडीत कुठेतरी तीन दिवसांपासून खडखड होत होती. मित्राने ती ऐकली होती. सकाळी तो पेचकस घेऊन आपणहून गाडीत चढला. "चालव जरा," म्हणाला. गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत त्याने दोष शोधला. शेगडीवरच्या कपाटाची बिजागरी सैल झाली होती. ती आवळून तो पुढच्या सीटवर बसला, पट्टा लावला आणि म्हणाला, "आता परत कशाला फिरतोस? जरा पुढे चल." आम्ही वहिनींना फोन करून बोलावले, त्यांना गाडीत घेतले आणि नदीकाठाने निघालो.

पन्नासएक मैलांवर रिप्ली नावाचे छोटे गाव आहे. समोरच्या काठावर केंटकी. त्या राज्यात १८६५ पर्यंत गुलामगिरी होती. गुलाम रात्री नदी ओलांडून या काठाला येत. इथे जॉन पार्कर यांचे घर आहे. आठव्या वर्षी त्यांना आईपासून तोडून विकले होते. लोखंडाच्या ओतकामात पैसे कमावून १८४५ साली त्यांनी १८०० डॉलरला स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले. पुढे रिप्लीत स्वतःचा ओतकारखाना काढला. दिवसा कारखाना चालवायचा आणि रात्री होडी घेऊन पलीकडच्या माणसांना सोडवून आणायचे, असा त्यांचा क्रम होता.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आम्ही चाळीतल्या अभ्यासवर्गात ऐकले होते. ती नदी आता समोर वाहत होती. गाडीतच चहा केला. मित्राला अर्धाच कप. घराकडे बघत तो म्हणाला, "आपल्यासारखा लोखंडवाला माणूस. स्वतः सुटला होता, तरी पुन्हा पुन्हा पलीकडे जायचा." मग थोड्या वेळाने, "तुम्ही आलात, बरं झालं."

शुक्रवारी डायलिसिस केंद्रातल्या समाजसेविकेशी आम्ही बोललो. तिने सांगितले की, आधी कळवले तर दुसऱ्या गावच्या केंद्रात जागा मिळवता येते. पुष्कळ रुग्ण असा प्रवास करतात. मित्राने हे कधी विचारलेच नव्हते. आपला प्रवास संपला, असे त्याने स्वतःच ठरवून टाकले होते.

सप्टेंबरात आम्ही पुन्हा त्याच्या दारी गेलो. शुक्रवारचे डायलिसिस उरकून शनिवारी चौघे निघालो. साडेतीनशे मैलांवरच्या सेंट लुईसला सोमवारची जागा ठरलेली होती. रविवारी संध्याकाळी मित्राने मिसिसिपीच्या पाण्यात हात बुडवला. समुद्रापासून समुद्रापर्यंत नाही, पण एका नदीपासून दुसऱ्या नदीपर्यंत चौघांचा बेत पार पडला.

हे लिहिण्याचे कारण एवढेच. रक्तदाबाची, साखरेची गोळी बरे वाटले म्हणून आपल्या मनाने सोडू नका. फोनवर मित्राची तब्येत विचाराल तेव्हा उत्तरासाठी थांबा. आणि मित्र येऊ शकत नसेल तर त्याच्यावर रुसू नका, त्याच्या दारी जा. त्यासाठी चाकावरचे घर लागत नाही. एसटीचे तिकीटही पुरते.