आदली रात्र

अलास्का क्रूझच्या आदल्या रात्री व्हॅनकुव्हरला मुद्दाम कॅनडा प्लेसमधलं हॉटेल घेतलं. १९८६ च्या एक्स्पोसाठी बांधलेली, पांढऱ्या शिडांच्या छपराची ही इमारत. खाली क्रूझचा धक्का, वर आमची खोली. भाडं आईला अर्धंच सांगितलं. (तरी ती "अगंबाई!" म्हणालीच.)

बाबांनी मुंबई बंदरात तीस वर्षं कारकुनी केली. किती जहाजांचे कागद हाताखालून गेले असतील, पण प्रवासी म्हणून एकाही जहाजात पाय ठेवला नव्हता. रात्री दोनला जाग आली तर हे काचेला नाक लावून उभे!

"बाबा, झोपा की. जहाज सकाळी येणारे."

"माहितीये रे. रिकामा धक्का बघतोय."

मग मीपण खुर्ची ओढली. पहाटे लायन्स गेट पुलाखालून दिवे सरकत आले. बाबांनी आधी चष्मा पुसला, मग आईला उठवलं.