एकशे तीस नगांचा यंत्रमानव

व्यापारी घरात येणारी प्रत्येक वस्तू पारखून घेतली जाते. तांदळाचा दाणा चिमटीत धरून पाहिला जातो, कापडाची वीण उजेडासमोर धरली जाते, सोन्याला कसोटी लागते आणि उधारी मागणाऱ्याची पतही मनातल्या मनात तोलली जाते. या पारखीतून सहसा एकच वस्तू सुटते, ती म्हणजे मुलाचे खेळणे. दिवाळी, वाढदिवस किंवा परीक्षेचा निकाल असे काही निमित्त निघते, मूल बोट दाखविते आणि पैसे मोजले जातात. वस्तू कशाची आहे, किती दिवस टिकेल, तिच्यापासून मूल काय शिकेल, हे प्रश्न मालाच्या खरेदीत न चुकता विचारणारे गृहस्थ खेळण्याच्या बाबतीत विचारीत नाहीत. रक्कम लहान असते, हे त्याचे एक कारण. खेळणे हा गंभीर विषय नव्हे ही समजूत, हे दुसरे.

म्हणून अशाच एका लहान खेळण्याची रीतसर पारख करून पाहणे योग्य ठरेल. डेन्मार्कमधील लेगो कंपनीने २०२२ साली आपल्या मार्व्हल मालिकेत ‘आयर्न मॅन मेक आर्मर’ नावाचा एक संच बाजारात आणला. त्याचा क्रमांक ७६२०३ आणि नग १३०. त्याच मालिकेत ब्लॅक पँथरचा १२४ नगांचा व वुल्व्हरिनचा १४१ नगांचा असे भाऊबंदही आहेत. कल्पना साधी आहे. बोटभर उंचीचा एक वीर तांबड्या-सोनेरी यंत्रमानवाच्या छातीत बसतो आणि त्याला चालवितो. यंत्रमानव उभा केल्यावर वीतभरही भरत नाही. सोबतच्या पुस्तिकेत एकही वाक्य नसते, केवळ क्रमवार चित्रे असतात. आठ-नऊ वर्षांचे मूल अर्ध्या-पाऊण तासात तो एकट्याने उभा करते.

प्रथम हिशेब पाहावा. आयात खेळण्यांवरील सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्क्यांवर गेले. त्यामुळे असा लहान संचही हजार रुपयांच्या आसपास जातो. हजारच धरले तर एका नगास सुमारे ७ रुपये ७० पैसे पडतात, आणि त्यांतील कित्येक नग मुगाच्या दाण्याहून फारसे मोठे नसतात. केवळ प्लास्टिकच्या वजनावर किंमत ठरवायची, तर हा सौदा कोणत्याही दुकानदारास महाग वाटेल.

परंतु किंमत प्लास्टिकची नसते, मापाची असते. विटेवरील दोन लगतच्या खुंट्यांच्या मध्यबिंदूंत ८ मिलिमीटर अंतर आणि खुंटी वगळता विटेची उंची ९.६ मिलिमीटर, हे माप पक्के आहे. या विटेच्या आजच्या रूपासाठी २८ जानेवारी १९५८ रोजी एकस्वाचा अर्ज करण्यात आला. त्या काळातील वीट आजच्या विटेत बसते. आजोबांच्या पिढीत घेतलेला माल नातवाच्या पिढीतील मालाशी तंतोतंत जुळावा, असे उदाहरण कोणत्याही धंद्यात विरळच. साचे मिलिमीटरच्या काही हजारांश भागापर्यंत अचूक ठेवावे लागतात, तेव्हा हे साधते. वीट घट्ट बसली पाहिजे आणि लहान बोटांनी सुटलीही पाहिजे. या दोहोंमधील जागा फारच अरुंद आहे.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्याच्या नजरेत भरण्यासारखी आहे. यंत्रमानव पूर्ण झाला की दोन-चार बारीक नग उरतात. मुलांना वाटते, काही तरी बसवायचे राहिले. वस्तुतः ते जादाच दिलेले असतात. पिशवी बरोबर भरली की नाही हे वजनावरून तपासले जाते, आणि अतिबारीक नगाचे वजन इतके अल्प असते की तो कमी पडल्याचे काट्याला कळेलच असे नाही. म्हणून असा नग एक वाढीव टाकला जातो. जुन्या पेढीवर तागडीचे पारडे गिऱ्हाइकाच्या बाजूला किंचित झुकल्याखेरीज पुडी बांधली जात नसे. त्या झुकत्या मापाचेच हे यंत्रयुगातील रूप म्हणता येईल.

आता उणिवा. यंत्रमानवाच्या खांद्यांना व कमरेला गोळी आणि वाटीची जोडणी आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात जो उखळीचा सांधा शिकवितात तोच हा. त्यामुळे हात चौफेर फिरतात आणि पाय मागेपुढे होतात. परंतु गुडघ्याला बिजागरीचा सांधा मुळीच नाही, पाय सरळ खांबासारखे आहेत. हा वीर धावण्याची ढब घेऊ शकत नाही, बसू शकत नाही आणि कोणापुढे गुडघाही टेकू शकत नाही. दुसरी उणीव कल्पनेतली आहे. आयर्न मॅन हा मुळातच चिलखतातला माणूस. चिलखतावर आणखी एक चिलखत चढवून काय साधले, हा प्रश्न मुलेही विचारतात. तिसरी उणीव सर्वांत महत्त्वाची. साध्या आयताकृती विटा पुन्हा पुन्हा वापरता येतात. आठ खुंट्यांच्या सारख्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१,५१,०३,७६५ प्रकारांनी जोडता येतात, असे गणित आहे. या संचातील बरेच नग मात्र सांधे, बोटे व चिलखताचे पत्रे अशा ठरावीक कामाचे आहेत. एकदा यंत्रमानव उभा राहिला की तो फळीवर जातो आणि तेथेच राहतो, ही भीती खरी आहे. भांडवल अडकून पडण्याचाच हा प्रकार.

वीराच्या स्वभावाचाही विचार हवा. या मालिकेतील वुल्व्हरिनला लांब नख्या आहेत, तर काही संचांत टिचकीने बारीक गोल दाणा उडविणारी नळी असते. अहिंसेचा संस्कार जपणाऱ्या घरात यावर नाराजी उमटणे स्वाभाविक आहे. तथापि आयर्न मॅनची कथा जाणून घेण्यासारखी आहे. १९६३ साली चित्रकथेत प्रथम अवतरलेला हा टोनी स्टार्क धंद्याने शस्त्रास्त्रांचा कारखानदार. २००८ च्या चित्रपटात आपलीच शस्त्रे हल्लेखोरांच्या हाती पाहिल्यावर तो आपल्या कंपनीचे शस्त्रनिर्मितीचे काम बंद झाल्याचे जाहीर करतो. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत शस्त्रांचा व्यापार विषवाणिज्यात गणला जातो, हे ज्या घरात ठाऊक आहे तेथे ही गोष्ट मुलाला सांगण्याजोगी आहे. पुढे तोच नायक स्वतः शस्त्र होऊन लढतो, ही विसंगतीही सांगावी. मुलांना विसंगती कळते.

अंबरनाथला जोडणीचा खेळ नवा नाही. १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर वालधुनीच्या काठी घडीव दगडांचे थर एकमेकांवर तोलून उभे आहे. १९२० च्या दशकात स्वीडिश भांडवलावर निघालेल्या विम्को कंपनीचा काड्यापेटीचा कारखाना येथेच होता. विम्को नाका हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. रिकाम्या काड्यापेट्यांची आगगाडी आणि मजल्यांची घरे करणे हा त्या काळच्या मुलांचा फुकटचा खेळ. कारखान्यांच्या या गावात पूर्वेला वह्या, पेन्सिली व खेळणी विकणारे एक जुने दुकान आहे. आजोबांनी ते उभे केले, आता मुलगा पाहतो आणि सूनबाई वही लिहितात. नऊ वर्षांच्या नातवाने ओवाळणीचे पैसे साठवून हाच यंत्रमानव घेतला होता.

दिवाळीच्या दीड महिना आधी एका घाऊक विक्रेत्याचा माणूस नमुना घेऊन दुकानात आला. पेटीवर तोच वीर, तेच रंग, नावात मात्र एक अक्षर बदललेले. आयएसआय चिन्ह नव्हते. किंमत तिसऱ्या हिश्श्याने आणि नफा दुपटीहून अधिक. मुलाचा मुद्दा पोकळ नव्हता. अस्सल संच हंगामात दोन-तीनच विकले जातात, हा माल खोक्यांनी जाईल. शेजारच्या दुकानांत तो आलेलाच आहे. शिवाय हजार रुपये न परवडणाऱ्या कामगाराच्या मुलाने खेळू नये काय? “अण्णा, गिऱ्हाइकाला ठाऊक असतं. कोणी फसत नाही,” असे तो म्हणाला.

नमुना घरी नेला गेला. नातवाने तो जोडला. काही विटा इतक्या घट्ट की सोडविताना दात लावावे लागले, काही इतक्या सैल की यंत्रमानवाचा हात उचलला की पुन्हा खाली येई. हे दोष त्याने निमूटपणे सोसले. मग पेटी हातात घेऊन त्याने विचारले, “आजोबा, हे नाव चुकून असं छापलंय का?” आजोबांनी मुलाकडे पाहिले. थोड्या वेळाने मुलगाच म्हणाला, “चुकून नाही. मुद्दाम तसं छापलंय.” नातवाने पुन्हा विचारले, “मग आपण विकणार?”

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण नक्कल या एकाच शब्दात दोन निरनिराळे व्यवहार मिसळले जातात. विटेचे एकस्व केव्हाच संपले आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आणि युरोपीय न्यायालयाने २०१० साली, विटेचा हा आकार व्यापारचिन्ह म्हणून एकट्याकडे राखून ठेवता येत नाही, असे ठरविले. म्हणजे त्याच मापाची वीट स्वतःच्या नावाने बनविणे ही चोरी नव्हे. लेगोची १९४९ ची पहिली वीटही स्वयंभू नव्हती. इंग्लंडमधील हिलरी पेज यांच्या किडीक्राफ्ट कंपनीची तशीच वीट तिच्या आधीची आहे. नमुना पाहून वस्तू घडविण्यावरच उद्योग वाढतात. फाळणीनंतर रिकाम्या हातांनी आलेल्या लोकांनी शेजारचे उल्हासनगर असेच कष्टाने उभे केले. परंतु दुसऱ्याच्या वीराचे चित्र व एक अक्षर फिरवलेले नाव पेटीवर छापणे हा वेगळा व्यवहार आहे. पहिल्यात कसब घेतले जाते, दुसऱ्यात पत चोरली जाते. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाविना खेळणी विकणे भारतात बेकायदा आहे. ‘गिऱ्हाइकाला ठाऊक असते’ या युक्तिवादाने हा दोष धुऊन निघत नाही. रंगात काय मिसळले आहे, टोकदार कड कोठे आहे, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसते.

नमुना परत गेला. त्याऐवजी देशी कारखान्याच्या, स्वतःच्या नावाच्या व आयएसआय चिन्हाच्या साध्या विटांच्या पेट्या मागविल्या गेल्या. त्यांवर कोणताही वीर नव्हता. दिवाळीत त्या बेताच्याच खपल्या. मुले चित्र पाहून शेजारी गेली. सूनबाईंनी वहीत हंगामाची बेरीज मांडली तेव्हा ती मागील वर्षाहून कमी होती, आणि कोणी ती दुसऱ्यांदा तपासली नाही. मुलाच्या मनातून तो नफा पूर्णपणे गेला असेल असेही नाही. दुकानाचे भाडे आणि विजेचे बिल तत्त्वावर सूट देत नाहीत. मात्र उरलेल्या एका पेटीतील विटांनी नातवाने यंत्रमानवाला बसण्यासाठी चौरंग केला. गुडघे नसल्याने तो त्यावर बसेना. तेव्हा पाय काढून त्याच्या जागी साध्या विटांची दुमडलेली मांडी लावली गेली. फळीवर जाऊन राहणारी वस्तू अशी पुन्हा खेळात आली, ती साध्या विटांमुळे.

तेव्हा पारखीचा निष्कर्ष असा मांडता येईल. पहिली ओळख म्हणून हा संच चांगला आहे. माप चोख, जोडणी सुबोध, मुलाला एकट्याने काम पुरे केल्याचे समाधान देणारा. गुडघ्याची उणीव सोसण्याजोगी आहे. किंमत मात्र वारंवार मोजण्याजोगी नाही. दुसऱ्या खेपेस त्याच रकमेत दुसरा वीर न घेता साध्या विटा घ्याव्यात, म्हणजे पहिल्या खरेदीचेही मोल वाढते. घरात रांगणारे मूल असेल तर बारीक नग तीन वर्षांखालील मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. एकत्र कुटुंबात मोठ्या भावाचे खेळणे धाकट्याच्या तोंडात जाण्यास वेळ लागत नाही. खरेदीच्या वेळी आयएसआय चिन्ह पाहावे. आणि पैसे मोजण्यापूर्वी पेटीवरील नाव मुलाकडूनच एक एक अक्षर करीत मोठ्याने वाचून घ्यावे.