डावीकडचं जबलपूर

दुचाकीवर एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईला शहर अर्धंच दिसतं. आपल्याकडे वाहनं रस्त्याच्या डावीकडून चालतात, चढायचं-उतरायचं ते कडेच्या बाजूने, म्हणून पाय डावीकडे. आणि पाय डावीकडे म्हणून तोंडही डावीकडे. उजवी बाजू पाठीला. समोर पाहायचं तर मान मुरगळून पाहायचं, आणि तिथे नवऱ्याचं हेल्मेट. 2001 साली लग्न होऊन मी नेपियर टाउनमधल्या घरात आले. तेव्हापासून वीसेक वर्षं ह्यांच्या स्प्लेंडरवर बसून मी जबलपूर असं डावीकडून पाहिलं. जाताना एक बाजू, येताना दुसरी. दोन्ही मिळून एक रस्ता होतो हे डोक्याला माहीत होतं, डोळ्यांना नव्हतं. गोलबाजारातलं दत्त मंदिर घरून निघाल्यावर कुठल्या हाताला येतं असं कुणी विचारलं, की मी आधी मनातल्या मनात त्या मागच्या सीटवर जाऊन बसायची आणि मग सांगायची.

मैत्रिणी म्हणतात, तू तर स्कूटी चालवत होतीस की! होतेच. घर ते शाळा, तीन किलोमीटर, वह्यांचा गठ्ठा पायाशी आणि भाजीची पिशवी हुकाला. पण ती कामाची गाडी. ग्वारीघाटला, भेडाघाटला, कुणाच्या लग्नाला, पावसात, रात्री आइस्क्रीम खायला, म्हणजे जिथे जाण्यातच काही मजा होती तिथे, मी मागे. बोलणंही तसंच. वाऱ्यात मी काहीतरी म्हणायचं, ह्यांनी 'काय?' विचारायचं, आणि मी 'काही नाही' म्हणायचं. आमच्या संसारातला बराचसा संवाद एवढाच आहे. तो वाईट नाही.

आपल्या भाषेतही बघा. पुढच्यासाठी 'चालवणे' हे क्रियापद आहे. मागच्यासाठी नुसतं 'बसणे'. हिंदीतही पीछे बैठ जाओ. कायद्याने मात्र मागच्या बाईची आठवण ठेवली आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 123 क्रमांकाचा नियम आहे: मागे बसणाऱ्याला हाताने धरायला काहीतरी हवं, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं. नियमात साडी हा शब्द कुठेही नाही. पण साऱ्या देशात त्या जाळीला साडीगार्डच म्हणतात.

माझे वडील व्हेइकल फॅक्टरीत होते. 1969 साली सुरू झालेला हा कारखाना. तिथे सैन्यासाठी शक्तिमान ट्रक तयार होत, निसानचे एकटनी ट्रक तयार होत, आणि जोंगा. हे नाव आफ्रिकेतलं वाटतं, पण ते आमच्या गावचं: जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या शब्दांतून जुळवलेलं. मूळ गाडी निसानची, नाव जबलपूरचं. 1999 पर्यंत ती इथे बनत होती. हिरव्या गाड्यांची रांग शाळेच्या वाटेवर दिसायची आणि बाबा त्याच रस्त्याने सायकल मारत कामाला जायचे. जन्मभर गाड्या जोडल्या आणि घरात एकही गाडी नाही, यात त्यांना वावगं काही वाटत नसे. गाडी सैन्याला लागते, आपल्याला कशाला? भाऊ सोळाचा झाला तेव्हा शेजाऱ्यांच्या राजदूतवर कॉलनीच्या मैदानात शिकला. मी तिथेच उभी होते, त्याच्या चपला सांभाळत. मला कुणी नको म्हटलं नाही. कुणी विचारलंही नाही. आणि मला स्वतःला मागावंसं वाटलं नाही, हे मला आता जास्त लागतं.

मग एकोणपन्नासाव्या वर्षी हे खूळ कुठून आलं? तर आमच्याकडे कार आली, स्प्लेंडर विकली गेली, आणि मला वारा आठवायला लागला. कारमध्ये दोन्ही बाजू दिसतात, समोरचंही दिसतं, पण ते काचेआडून. पुण्याहून मुलगा म्हणाला, "आई, इलेक्ट्रिक स्कूटर घे ना, प्रॅक्टिकल असते." प्रॅक्टिकल गाडी माझ्याकडे होतीच की, हुकासकट. मला अशी गाडी हवी होती जिला पिशवी अडकवायला जागाच नाही.

पैसे माझे होते, आवर्ती ठेवीचे. मुहूर्त सरकारने दिला. 22 सप्टेंबर 2025, घटस्थापनेचा दिवस, आणि त्याच दिवसापासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्या इंजिनांना मात्र 40. जो तो म्हणत होता गाडी दहा टक्के स्वस्त झाली. गणिताच्या बाईला कसं राहवेल! 128 चे 118 झाले, म्हणजे किंमत सुमारे 7.8 टक्क्यांनी उतरली. दुकानातल्या पोराला मी हे पावतीच्या मागे करून दाखवलं. तेव्हापासून तो मला 'टीचर जी' म्हणू लागला आणि प्रत्येक हिशेब दोनदा तपासूनच पुढे करू लागला.

त्याआधी एका दुसऱ्या दुकानात, नाव सांगत नाही, विक्रेत्याने मायलेजपासून कर्जाच्या हप्त्यापर्यंत सगळी माहिती माझ्या मागे उभ्या असलेल्या भाच्याला दिली. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तो बराच वेळ ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बड्डे, गाड़ी मौसी की है." बड्डे हे अस्सल जबलपुरी संबोधन. मित्राला, रिक्षावाल्याला, भांडण उकरून काढायला आणि तेच मिटवायला, सगळीकडे चालतं. त्या दिवशी ते माझ्या बाजूने वापरलं गेलं.

घेतली ती रॉयल एनफील्डची हंटर 350. बुलेटसारखी भारदस्त मला नकोच होती. ती बघितली की मागे ढोल-ताशा असल्यासारखं वाटतं. हंटर 2022 साली आली, शहरात चालवायची म्हणूनच आखलेली: चाकं सतरा इंची, बुटकी, वळायला चपळ. इंजिन 349 सीसीचं, म्हणजे कराच्या रेषेच्या एक सीसी अलीकडे. वजन 181 किलो. मी 60. तिच्यात माझ्यासारख्या तिघी मावतात, हे पहिल्या दिवशी ती स्टँडवरून सरळ करताना समजलं. नाव ऐकून सासूबाई मात्र पोट धरून हसल्या. त्यांच्या लेखी हंटर म्हणजे चाबूक, आणि मग हंटरवाली. 1935 सालचा नादियाचा तो चित्रपट त्यांच्याही जन्माच्या आधीचा, पण त्यांच्या आईने तो पाहिला होता म्हणे, आणि घरात कुणी पोरगी फार उड्या मारायला लागली की तिला हेच नाव मिळायचं. दसऱ्याला गाडी घरी आली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आरशाला आपट्याचं पान. आणि कॉलनीत माझं नाव पक्कं झालं.

माझा परवाना होता विनागिअरचा. गिअरवाल्या गाडीसाठी पुन्हा लर्निंग, पुन्हा परीक्षा, पुन्हा जमिनीवर आखलेल्या आठच्या आकड्यातून पाय न टेकता गाडी काढणं. आठाचा आकडा मी आयुष्यभर फळ्यावर काढत आले, पण त्याच्या पोटात एवढी अवघड जागा असते हे माहीत नव्हतं. शिकवायला भाचा. तो म्हणायचा, "मावशी, क्लच सोडू नकोस, हळूच जाऊ दे." यातला फरक शब्दांत सांगता येत नाही, डाव्या हाताच्या बोटांना तो चौथ्या दिवशी कळला. क्लच अर्धा सुटतो, इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, गाडी निघू की नको असं करते आणि निघते. त्या जागेला हाफ क्लच म्हणतात. मला वाटतं मोटारसायकलची अर्धी मजा तिथेच आहे. स्कूटरला मूठ पिळली की ती जाते, तिला तुमच्याशी काही बोलायचं नसतं.

उरलेली मजा डुमना रस्त्यावर. विमानतळाकडे जाणारा हा रस्ता, बाजूला जंगल. हिवाळ्यात सकाळी साडेसहाला तिथे धुक्यात चितळं उभी असतात आणि माकडं थंडीने एकमेकांना चिकटून बसलेली असतात. ताशी पंचेचाळीस. त्याहून जोरात जायची इच्छा होत नाही आणि गाडीही गळ घालत नाही. इंजिनाचा ठोका खालून सीटमधून मणक्यापर्यंत येतो. गुडघ्यांनी टाकी धरलेली असते. स्कूटीवर आपण खुर्चीवर बसल्यासारखं बसतो, इथे गाडी अंगाला येऊन लागते, वळताना आपल्याबरोबर कलते. ऑक्टोबरच्या शेवटी एकदा कुत्रं आडवं आलं. मी दोन्ही ब्रेक जीव खाऊन दाबले. उजव्या बोटांखाली लिव्हर थरथरला, चाक घसरलं नाही, गाडी सरळ रेषेत उभी राहिली. ते एबीएस. 2019 पासून सव्वाशे सीसीवरच्या सगळ्या दुचाकींना ते सक्तीचं आहे. चाक अडकू लागलं की ब्रेक क्षणभर सैल करून पुन्हा धरायचा, आणि हे सेकंदाला कित्येकदा. कुत्रं निघून गेलं. मी तिथेच पाच मिनिटं बसून राहिले आणि बाबांना हे दाखवायला हवं होतं असं वाटलं. ते आधी यंत्र उघडून बघायला मागितले असते.

आता जे सांगायचं ते जरा अडचणीचं आहे. पुढे बसले की शहर पूर्ण दिसेल अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. पुढे बसून शहर दिसतच नाही, रस्ता दिसतो. खड्डा, गाय, पुढच्या ऑटोचा लाल दिवा, दार उघडायच्या बेतात असलेली कार, उलट्या दिशेने येणारा हातगाडीवाला. रामपूर चौकातून मी गेल्या चार महिन्यांत किती वेळा गेले असेन, पण कोपऱ्यावरचं दुकान उघडं होतं की बंद हे सांगता यायचं नाही. मागे बसून मी बाल्कन्या पाहत असे, वाळत घातलेल्या साड्या, फाटकाशी उभ्या बायका. घरांना नवे रंग लागलेले पाहत असे. एका घरातल्या बाईला तर मी पंधरा वर्षं म्हातारी होताना पाहिलं. मला तिचं नाव माहीत नाही. ती आहे का, हेही आता मला कळणार नाही, कारण त्या वळणावर माझं लक्ष खड्ड्याकडे असतं. तरी मी मागे जाऊन बसेन का? नाही. पण फुकट मिळालेलं नाही, एवढं खरं.

हे अजून माझ्या मागे बसलेले नाहीत. राग नाही, गाडी धुवायलाही मदत करतात. विचारलं तर म्हणतात, "मागे बसून करायचं काय असतं?" प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तर मला येतं, पण ते सांगायला लागले की त्याचं गाऱ्हाणं होतं, म्हणून गप्प बसते.

बसल्या त्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने मला दोनदा सुचवलं होतं की साडीगार्ड काढून टाका, गाडीला शोभत नाही, सगळी पोरं काढतात. मी राहू दिलं होतं. जानेवारीच्या शेवटी, नर्मदा जयंतीची गर्दी ओसरल्यावर, त्या म्हणाल्या, "मला ग्वारीघाटला ने. कारने नको, कारमध्ये मला मळमळतं." हेल्मेट अंबाड्यावर बसेना, म्हणून अंबाडा सोडून वेणी घातली. स्टूल आणलं. नऊवारी नाही नेसत आता, पाचवारीच, पण ती आवरून त्या सराईतपणे डाव्या बाजूला बसल्या आणि एक हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"आई, घट्ट धरा हं."

"तू पुढे बघ."

आणि मग सुरू झालं. त्या पाहत होत्या आणि सांगत होत्या. "तो फोटो स्टुडिओ गेला वाटतं गं, तिथे मोबाइलवाला आलाय." "बंगल्यातला आंबा मोहरलाय बघ." "गच्चीवर वड्या घातल्यात कुणीतरी, उशीरच केला यंदा." मी "हो का?" म्हणत होते आणि खड्डे चुकवत होते. रामपूरच्या पुढे त्यांनी एका घराचं फाटक पाहून म्हटलं, "ती बाई उन्हात बसलीये. बारीक झाली." कोण बाई, कुठलं घर, मला विचारायचं होतं, पण तेवढ्यात बस आडवी आली.

घाटावर त्यांनी पाण्याला हात लावला, दिवा सोडला, चहा घेतला. परतीच्या वाटेवर एकदम माझा खांदा गच्च आवळून ओरडल्या, "थांब, थांब! मटार मागे राहिला!" जबलपूरचा मटार आणि जानेवारी, त्यापुढे कुणाचं चालतं? मी गाडी वळवून आणली. घासाघीस त्यांनी सीटवरूनच केली, खाली न उतरता, हेल्मेटची काच वर करून. तीन किलो घेतला. पिशवी अडकवायला हूक नव्हताच, तेव्हा ती त्यांच्या मांडीवर. पुढच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागून बारीक कटकट आवाज यायला लागला. इंजिनात काही झालं की काय म्हणून मी आरशात पाहिलं. त्या शेंगा सोलत होत्या. दाणे तोंडात, सालं पिशवीत. मग डाव्या बाजूने एक ओंजळ पुढे आली.

"हात सोडू नकोस," त्या म्हणाल्या, "नुसतं तोंड उघड."