तळहाताएवढा आधार

मोटारीचे कौतुक होते ते तिच्या रंगाचे आणि इंजिनाचे. परंतु ती रस्त्याला धरून राहते ती चार टायरांच्या बळावर. धावत्या गाडीचा प्रत्येक टायर एका वेळी साधारण तळहाताएवढ्या जागेतच जमिनीला टेकलेला असतो. वेग, वळण आणि ब्रेक या तिन्हींचा भार तेवढ्याच रबराला सोसावा लागतो. म्हणून वेगवान गाडीसाठी टायर निवडताना काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, हा प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

डेट्रॉइटच्या एका उपनगरात स्थायिक झालेल्या सांगलीकर अभियंत्याच्या घरी हा प्रश्न २०२४ च्या उन्हाळ्यात उभा राहिला. गावाकडच्या घराची डागडुजी आणि मुलीच्या शिक्षणाची तरतूद झाल्यावरच त्याने आपली जुनी हौस पुरवली होती. दोन आसनांची, उघड्या टपाची, २०१६ सालची माझ्दा एमएक्स-५ त्याने वापरलेली घेतली. एका पावसाळी संध्याकाळी महामार्गावरून उतरणाऱ्या वळणावर गाडीचा मागचा भाग क्षणभर सरकला. चौदा वर्षांची मुलगी शेजारी बसलेली होती. गाडी सावरली, पण त्या दिवसापासून पत्नीने एकच अट घातली, “टायर बदलल्याशिवाय तिला या गाडीतून न्यायचे नाही.”

सहा महिन्यांसाठी आलेल्या वडिलांना हा खर्च अनाठायी वाटला. त्यांचे आयुष्य हळदीच्या व्यापारात गेलेले. त्यांनी वाकून टायरवर बोट फिरवले. “अरे, खाचा अजून खोल आहेत. चांगला माल टाकून का द्यायचा?”

मुलाने टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे दाखवले : २३१६. म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. “अप्पा, हरिपूरच्या पेवात हळद वर्षानुवर्षे टिकायची, रबर तसे टिकत नाही. ऊन, उष्णता आणि हवा यांनी ते आतून कडक होते. खाचा शाबूत दिसतात, पण ओल्या रस्त्यावरची पकड गेलेली असते.” माल दिसतो कसा यापेक्षा तो कधीचा आहे हे आधी पाहावे, ही गोष्ट वडिलांना समजावून सांगावी लागली नाही.

मग तीन पर्याय समोर आले. पहिला बारमाही वापराचा टायर, झिजेचा आकडा ५००. दुसरा उन्हाळी, वेगवान गाड्यांसाठीचा फायरस्टोनचा फायरहॉक इंडी ५००, आकडा ३४०. तिसरा जवळजवळ शर्यतीच्या जातीचा, आकडा २००. पहिल्या दोहोंच्या किमतीत फारसा फरक नव्हता. तिसरा बराच महाग होता. अमेरिकेत हा आकडा टायरवर छापावा लागतो. मूळ तुलनेचा टायर १०० धरला, तर ३०० आकड्याचा टायर चाचणीत त्याच्या तिप्पट टिकावा, असा त्याचा अर्थ. मात्र हा आकडा उत्पादक स्वतःच ठरवतो, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवताना सावध राहावे लागते. पकडीसाठी छापलेले ‘एए’, ‘ए’, ‘बी’, ‘सी’ हे दर्जेही ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरवलेले असतात. वळणाविषयी ते काहीच सांगत नाहीत.

वडिलांचा कौल साहजिकच ५०० कडे होता. किंमत तीच आणि आयुष्य जास्त, मग विचार कसला? तेव्हा मुलाने हिशेब मांडला. ही गाडी वर्षाकाठी चार हजार मैलच धावते. मधला टायर पंचवीस हजार मैल चालला, तरी सहा वर्षे सहज निघतात. अनेक वाहन उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात, आणि टायर कंपन्या फार तर दहा वर्षांची मर्यादा घालतात. म्हणजे ५०० आकड्याच्या टायरचे उरलेले आयुष्य वापरण्याआधीच शिळे होणार, आणि त्याच्यासाठी पकड मात्र पहिल्या दिवसापासून सोडावी लागणार. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “विकण्याआधी खराब होणारा माल स्वस्तात भरला, तरी तो महागच.”

उन्हाळी टायरला एक पथ्य असते. सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली त्याचे रबर कडक होऊन पकड सोडते, आणि गोठवणाऱ्या थंडीत वापरल्यास त्याला तडेही जाऊ शकतात. मिशिगनचा हिवाळा कडक. पण त्या दिवसांत ही गाडी गॅरेजमध्येच असे आणि घरात दुसरी गाडी होती. घरात एकच गाडी असती, तर बारमाही टायरच योग्य ठरला असता.

बचत दुसरीकडे झाली. मित्राने सुचवलेली मोठी, दिखाऊ चाके घेतली नाहीत. कारखान्याचेच २०५/४५ आर १७ हे माप ठेवले. भारांक ८४, म्हणजे टायरमागे ५०० किलो, हाही तपासून घेतला. झिजलेले आणि नवे मिसळण्याचा मोह टाळून चारही एकदम बदलले. चाकांची दिशा जुळवून घेतली, थंड टायरमध्ये २९ पीएसआय हवा भरली आणि पहिले काही शे मैल गाडी सावकाश चालवली. कारण नव्या टायरवर साच्यातला निसरडा थर राहिलेला असतो.

त्या रात्री वडिलांनी खर्चाची वही उघडली. किमतीपुढे त्यांनी नव्या टायरांचे चार आकडे उतरवले आणि शेजारी लिहिले : २०३०. नातीने विचारले, “आजोबा, हे कशासाठी?” ते म्हणाले, “तोवर ही गाडी तू चालवत असशील. तेव्हा खाचांकडे पाहून फसू नकोस.”